दाढेतला सूर

रिठदच्या उत्तमरावांना गाण्यातलं कळतं हे गावानं मान्य केलं होतं; निदान त्यांच्या तोंडावर तरी. भजनी मंडळात पेटी त्यांची, सूर त्यांचा आणि चुका मात्र नेहमी दुसऱ्यांच्या. घरी अंजनाबाई वांगी निवडता निवडता काही गुणगुणू लागल्या की ते विहिरीकडूनच ओरडत, "अवं, काळी पाचच्या पट्टीमधी गाय, नाहीतर गप राह्य!"

त्यांची मुलगी सुप्रिया पुण्यात व्हायोला वाजवायची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगानं भरलेली, आवाजानं घोगरी. दिवाळी झाली आणि तिचा फोन आला.

"बाबा, आमी चौघंजण मळ्यात येऊन राह्यलो. आमच्या क्वार्टेटची नवी रचना बसवाची हाय, अन् इथं फ्लॅटवाले वाजवू देत नाहीत."

उत्तमरावांनी ही बातमी पारावर दिली. मंडळातले टाळकरी माणिकराव कानानं जरा कमी ऐकत.

"पोरगी क्वार्टर घेऊन येऊन राह्यली? अन् तुमी हो म्हनलं?"

"क्वार्टर नाही हो, क्वार्टेट! चौघायची चौकडी. दोन व्हायोलिन, एक व्हायोला अन् तो मोठा, पायायमधी धरून वाजवतेत तो चेलो. विलायती शास्त्रीय संगीत हाय ते."

"मंग मारुतीच्या देवळात होऊन जाऊ द्या. तुमच्यासारखा जानकार हाय, तुमी समजावून सांगान."

एवढं कानावर पडल्यावर उत्तमराव कसले थांबतात! त्यांनी तिथंच शनिवारची दुपार ठरवून टाकली.

चौकडी आली. पत्र्याच्या शेडात टमाट्याचे कॅरेट बाजूला सारून चार खुर्च्या मांडल्या गेल्या. उत्तमराव इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले. पोरांनी तारांवर गज टेकवले आणि एक व्हायोलिन बिजागरीसारखं किरकिरलं. दुसरं त्याच्या मागे लागलं. सुप्रियाचा व्हायोला एका जागी धुसफुसत बसला, आणि चेलो असा काही हुंकारला की बांधावरच्या म्हशीनं चरणं सोडून मान वर केली. उत्तमरावांची बोटं मांडीवर ताल शोधू लागली. चार मात्रा धरल्या तर पाचवी निसटायची, पाच धरल्या तर सहावी पाठीमागून येऊन टपली मारायची. मग सगळं एकाएकी थांबलं. सुटलो बुवा, असं वाटून त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

चारही गज हवेतच होते.

"बाबा, संपलं नाही अजून," सुप्रिया म्हणाली. "ती शांतता रचनेतलीच हाय."

"शांतता बी रचतेत का?"

अंजनाबाई पदरात तोंड खुपसून हसत होत्या. उत्तमरावांना अचानक कांद्याला पाणी द्यायची आठवण झाली.

संध्याकाळी पंगत बसली. पहिलं व्हायोलिन वाजवणारी निकिता नाशिकची. ठेच्यानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत तिनं विचारलं, "काका, खरं सांगा, कसं वाटलं?"

आता घरी आलेल्या पोरांना वाईट कसं म्हणावं? उत्तमरावांनी दोष दूरच्या माणसावर ढकलला. "तुमी पोरं चांगले वाजवता. पन ज्यानं कोनं हे रचलं ना, कवाच मेला असंन बिचारा, त्याची दाढ दुखत असंन. मधातला भाग तर पक्का दाढेचा हाय. ठनका येते, जाते, मानूस घडीभर दम धरून बसते, अन् पुन्हा ठनका!"

सुप्रियानं कपाळावर हात मारला. "बाबा! रचनारी इथंच बसून तुमचा ठेचा खाऊन राह्यली."

उत्तमरावांचा घास हातातच राहिला. चुलीपाशी अंजनाबाईंची भाकरी करपली. निकिता मात्र रागावली नव्हती. ती त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"तुम्हाला कसं कळलं, काका? तो भाग लिहिताना माझी अक्कलदाढ येत होती. आमच्या सरांना त्यात शहराचं एकटेपण ऐकू आलं."

"कायचं एकटेपन! दाढ हाय ती. डाव्या अंगाची."

"उजव्या," निकिता म्हणाली. "तेवढं चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव आपणहून शेडात येऊन बसले. अंजनाबाईंनी वाटाण्याच्या शेंगांची टोपली त्यांच्यापुढं आदळली. "सोला. बोटं रिकामी राह्यली का ताल शोधत फिरतेत तुमची."

हात गुंतले आणि कान मोकळे झाले. आज त्यांना ऐकू आलं की सुप्रियाचा व्हायोला धुसफुसत नव्हताच; गाल दाबून धरावा तसा तो एक खालचा सूर दाबून बसला होता. बाकीचे तिघं त्याच्याभोवती येरझाऱ्या घालत होते. मग ती शांतता आली. उत्तमराव शेंग हातात धरून थांबले. आणि निकिताच्या व्हायोलिनमधून एकच सूर निघाला, इतका बारीक की तो खरंच वाजला की आपल्याला वाटला, ते कळेना. दुखणं थांबल्यावर माणूस जिभेनं हळूच चाचपून पाहतो, तसा. उत्तमरावांची जीभ आपोआप दाढेकडं गेली.

"मले तर त्याच्यात आपली म्हैस दिसते," अंजनाबाई म्हणाल्या.

"गप वं. दाढ हाय."

शनिवारी देऊळ भरलं. उत्तमरावांनी माईक घेतला आणि कुणी नको म्हणण्याआधी रचनेचा सगळा इतिहास दाढेसकट सांगून टाकला. परिणाम असा झाला की वाजवणं सुरू होताच अर्धं गाव गाल धरून ऐकू लागलं. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या प्रयागबाईंच्या तोंडात दात नव्हते, तरी त्यांनीही धरला. शांतता आली तेव्हा माणिकरावांचे हात वर गेले. उत्तमरावांनी ते मनगटातून पकडून खाली दाबले. सारं देऊळ दम धरून बसलं. दूरवर पिठाची गिरणी तेवढी चालू होती. मग तो बारीक सूर आला, आणि माणिकराव, ज्यांना हाक मारली तरी ऐकू येत नाही, कुजबुजले, "आला, आला."

"समजलं काही?" बाहेर उत्तमरावांनी विचारलं.

"समजलं नाही. पन झोप बी नाही आली," माणिकराव म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठीच दाद होती.

रविवारी चौकडी निघाली. जीपमध्ये चेलोला एक अख्खी सीट मिळाली आणि चौघं वांग्यांच्या पोत्याशी दाटीवाटी करून बसले.

"काका, पुढची रचना झाली की आधी तुम्हाला पाठवीन," निकिता म्हणाली.

"पाठवजो. पन यखांदी अशी बी कर, का जिच्यात काहीच दुखत नाही."

"ते फार अवघड असतं, काका."

पोरगी थट्टा करते आहे असं समजून उत्तमराव हसले. जीप धुरळा उडवत रस्त्याला लागल्यावर मात्र ते तिथंच उभे राहून बराच वेळ त्यावर विचार करत होते. शेवटी अंजनाबाईंनी हाक मारली. बाजाराची पिकप दारात येऊन हॉर्न देत होती.