माहेरची कोंबडी

तांबडीला काखेत धरून धाकटीने कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस तिच्या सुजलेल्या डोळ्यावर टेकवला. कोंबडीने पंख फडफडवले नाहीत की चोच मारली नाही. एरवी हीच तांबडी नुसता हात लागला तरी सगळं आवार डोक्यावर घ्यायची. आता तिच्या घशात खरखर वाजत होती आणि मान धाकटीच्या कोपरावर लोंबत होती.

"मी आजारी पडलो तेव्हा माझ्या कपाळावर कधी एवढा कापूस फिरवला नव्हतास," दारातून नवरा म्हणाला.

तो बस चालवायचा आणि कोंबड्यांना 'तुझ्या सासवा' म्हणायचा. पण बायकोचं तोंड पाहिल्यावर त्याने थट्टा तिथेच सोडली आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवायला गेला.

डॉक्टर येईपर्यंत तांबडी गेली. तिच्याआधी आठवड्याभरात बाकीच्या कोंबड्या गेल्या होत्या, आणि अकराच्या अकरा पिल्लंही. पिल्लांचं तिला जास्त लागलं. शाळेचे गणवेश शिवता शिवता तिने ती शिलाई मशीनशेजारच्या खोक्यात वाढवली होती. खोक्यात कागद नाही, गोणपाट. कागदावर पाय घसरतात आणि पिल्लू जन्माचं फेंगडं होतं. पाणी उथळ ताटलीत, त्यात चार गोट्या टाकून, म्हणजे बुडायला नको. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर दिवा खाली घ्यायचा, कोपऱ्यांत पळाली तर वर. आणि नवी कोंबडी आणली, मग ती कितीही धट्टीकट्टी असो, तीन आठवडे वेगळी कोंडायची. हे सगळं तिला ताईने शिकवलं होतं. ताईच्या हाताखाली शिकायचं म्हणजे अर्धं शिकणं आणि अर्धी बोलणी खाणं. पण ताईचा शब्द कधी चुकत नसे, म्हणून धाकटीने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

डॉक्टरने तांबडीचे डोळे, चोच, घसा पाहिला.

"नवी कोंबडी आणली होती का इतक्यात?"

"नाही हो. बाहेरची एकही नाही."

"मग ही?"

भिंतीकडेला एक ठिपक्यांची कोंबडी मजेत माती उकरत होती. सगळ्या आवारात तेवढी एकच उरली होती.

"ती बाहेरची नाही. माझ्या बहिणीची आहे. माहेरची म्हणा ना."

"रोगाला सासर-माहेर कळत नाही, बाई. कधी आली?"

"तीन आठवडे झाले."

"वेगळी ठेवली होती?"

धाकटीने त्याच्या हातावर पाणी घातलं. डॉक्टर हात धुता धुता म्हणाला, "ही बरी दिसते, कारण हिला होऊन गेलंय. पण रोग हिच्या अंगातच राहणार, जन्मभर. ही असेपर्यंत दुसरी कोंबडी आणू नका. आणि पिल्लांच्या जवळपास हिला नेलीत, तर पिल्लं गेलीच समजा."

ठिपकी ताईची लाडकी होती. अंड्यांवर बसली की एकवीस दिवस जागची हलायची नाही, आणि दुसऱ्यांची पिल्लंसुद्धा पोटाखाली घ्यायची. धाकटीने ती दोनदा मागून पाहिली होती. दोन्ही वेळा ताई म्हणाली होती, "माझा जीव माग, ठिपकी मागू नकोस." आणि मग एक दिवस ताई आपणहून बसने आली. झाकणाच्या टोपलीतून ठिपकी काढून तिने बहिणीच्या हातात दिली. "घे. तुझी झाली," एवढंच म्हणाली. धाकटीला इतका आनंद झाला, की तिने गल्लीतल्या चार घरी जाऊन ते सांगितलं. वेगळी ठेवायची का, हेही तिने विचारलं होतं. ताई हसली होती. "घरच्या घरात कसली गं कोंडाकोंडी?" आई गेल्यापासून ताईचं घर हेच धाकटीचं माहेर होतं. त्या घरून आलेल्या कोंबडीवर संशय घ्यायचा, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

डॉक्टर गेल्यावर तिच्या मनात पहिली आली ती ताई. रोग ठिपकीबरोबर आला असेल, तर ताईच्या आवारातही तो असणार, आणि त्या बिचारीला पत्ता नसणार. फोनवर सांगितलं तर धसका घेईल. धाकटीने डोक्यावरून आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, चपला साबणाने घासल्या. आपल्या अंगावरून आणखी काही तिकडे जायला नको. दुपारच्या बसमध्ये बसून ती सारा रस्ता जुळवाजुळव करत राहिली, की ताईला दुखावणार नाही असं हे कसं सांगावं.

ताईचं पुढचं दार उघडंच होतं, पण ती आधी मागे गेली. आवारात चिटपाखरू नव्हतं. खुराड्याला आतून-बाहेरून चुना मारलेला होता. दाण्याची भांडी घासून कुंपणावर उपडी टांगली होती आणि त्यांच्या बुडांवर धूळ बसली होती. चुना ताजाही नव्हता. कोपऱ्यात त्याचे पोपडे सुटले होते आणि खुराड्याच्या दारात गवत वीतभर वाढलं होतं.

गवत वीतभर वाढायला किती दिवस लागतात, याचा हिशेब तिने उभ्या उभ्या केला. मग पुन्हा केला.

"अगं, तू? आणि न सांगता?" ताई पदराला हात पुसत मागच्या दारात आली.

"तुझ्या कोंबड्या कुठं आहेत, ताई?"

"गेल्या." ताईने मान वळवली. "महिना होऊन गेला. साथ आली होती. चार दिवसांत सगळं खुराडं साफ."

"महिना."

"तुला सांगणार होते गं."

"ठिपकी दिलीस त्याच्या आधी."

ताईने पदर खोचला. मग नेहमीच्या, शिकवायच्या आवाजात म्हणाली, "ती आजारी नव्हती. एकटी तीच ठणठणीत होती. इथे ठेवली असती तर ती पण गेली असती. कुठं नेऊ मी तिला? तुझं खुराडं स्वच्छ असतं. तुझ्याइतकं स्वच्छ कुणाचंच नसतं."

आयुष्यात पहिल्यांदा ताईने तिचं कौतुक केलं होतं. धाकटीला आधी हसूच आलं, आणि मग असा संताप आला की खुराड्याची कड तिला हाताने घट्ट धरावी लागली. ती ताईला सावध करायला आली होती. चपला घासून आली होती.

"तुझ्या सगळ्या बऱ्या आहेत ना?" ताईने विचारलं. पण विचारताना ती बहिणीकडे बघत नव्हती, आणि उत्तराला थांबलीही नाही. "चल, आत चल. एक गंमत दाखवते."

स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूला, मोठ्या खोक्यावर दिवा लोंबत होता. आत गोणपाटावर वीस-बावीस पिवळे गोळे चिवचिवत होते. परवाच उबवणी केंद्रातून आणली होती.

"जागा महिनाभर रिकामी ठेवली, चुना मारला. आता भीती नाही," ताई म्हणाली. "पण दिव्यावर वाढलेलं पिल्लू ते पिल्लूच नव्हे. आई पाहिजे. ठिपकी यांना एका दिवसात पोटाखाली घेईल बघ." आणि मग जरा लाडाने, "देशील ना परत? तुझ्याकडे ठेवायलाच दिली होती म्हण ना."

'तुझी झाली' म्हणाली होती ती. धाकटीने ते बोलून दाखवलं नाही. ती खोक्यातल्या पिल्लांकडे बघत राहिली. एक पिल्लू ताटलीत चोच बुडवून, मान वर करून पाणी गिळत होतं. डॉक्टरचं वाक्य शब्द न् शब्द तिच्या जिभेवर होतं. एकदा तिने तोंडही उघडलं.

"बरी आहे ना गं ती?" ताईने विचारलं. "खाते-पिते ना?"

"ठणठणीत आहे."

"हुश्श. माझा सगळा जीव तिकडे होता." ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रागावली नाहीस ना?"

"नाही."

"मग रविवारी येते न्यायला."

"ये," धाकटी म्हणाली. तिने पायात चपला सरकवल्या. "सकाळी लवकर ये. ऊन चढायच्या आत नेलीस, तर वाटेत तिला त्रास होणार नाही."