चर नंबर सहा

वरदाचं तिसरं बिस्किटही चहात बुडालं, तेव्हा सियोनअंकलनी तिच्यापुढे चमचा सरकवला आणि आपल्या नव्या सुटाबद्दल पुढे सांगायला लागले.

सूट दारामागे लटकत होता. पूर्व आफ्रिकेतल्या लुमेरा जिल्ह्यातल्या एका टेकडीला पुढच्या महिन्यात एक खाणकंपनी ‘नागावकर हिल’ असं नाव देणार होती, आणि समारंभ होता लंडनच्या एका हॉटेलात. सियोनअंकलचे आजोबा एली नागावकर १९३७ साली मुंबईहून त्या आडरानात सर्वेक्षणाला गेले होते. तिथे चर नंबर सहामध्ये सोनं लागलं आणि त्यांच्या इंग्रज भूगर्भतज्ज्ञ साहेबाने अठ्ठावीस पानी अहवाल लिहिला, ‘भवितव्य उज्ज्वल’. मग महायुद्ध आलं, सगळे परतले, सोनं तिथेच राहिलं. ते सोनं सापडल्याचे आभार मानायला नागावकरांकडे दरवर्षी मलिदा, म्हणजे बेने इस्राएल घरांतला नवसाचा विधी, व्हायचा. गोड पोह्यांचं ताट, फळं, आणि प्रेषित एलियाहू हन्नबीचं नाव. लंडनच्या एजवेअर भागात त्यांच्या ओळखीच्या प्रत्येकाने, वरदानेही, ही गोष्ट ऐकली होती. काहींनी तर दर शनिवारी.

आता कंपनी नव्याने खोदणार होती. त्याआधी मातीचे जुने नमुने तपासायला केंब्रिजच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथे काम करणाऱ्या वरदाच्या टेबलावर आले. तिचा अहवाल सोमवारी जायचा होता. पण नव्या सुटातल्या म्हाताऱ्याला ही बातमी कंपनीच्या ईमेलमधून कळावी, हे तिला पटेना. नियम बाजूला ठेवून ती ट्रेनमध्ये बसली होती.

“अंकल, ते सोनं खडकातलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “त्यात तांबं आहे, दागिन्यात घालतात तेवढं. आणि कणांवर कानशीच्या रेघा आहेत. कुणीतरी दागिना घासून तो कीस मातीत मिसळलाय.”

सियोनअंकल हसले. मग हसायचे थांबले. त्यांच्या बोटात आजोबांची लग्नातली अंगठी होती, एका बाजूला पार तारेएवढी बारीक झालेली. टेकड्या चढून चढून आजोबांचे हात झिजले, तशी अंगठीही झिजली, असं घरात सांगायचे. त्यांनी तो हात खिशात घातला.

“माझे आजोबा लबाड नव्हते,” ते म्हणाले.

पुरावा म्हणून त्यांनी कपाटातून मखमलीत गुंडाळलेली एक वही आणली. आजोबांच्या हातची डायरी. घरात मराठी बोलणारे दोघे, ते आणि त्यांची बायको मझलआंटी. वाचणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे वही आजवर नुसती जपली गेली होती.

वरदा वाचायला लागली. पाऊस, क्विनीन, डब्यातले मासे, पुन्हा पाऊस. मग तिचा आवाज हळू झाला.

“‘साहेब तीन महिने खडकांशी बोलतात. आज रडले. बघवेना. एक दिवस तरी बरं वाटावं म्हणून अंगठी थोडी घासली आणि चर सहाच्या मातीत टाकली.’”

“पुढे?”

“‘साहेबांनी अहवालच लिहिला. आता सांगायची सोय राहिली नाही. हे एलियाहू हन्नबी, इथे पुन्हा कोणाला खोदायला येऊ देऊ नकोस. दरवर्षी मलिदा करीन. माझ्यामागे मुलं करतील.’”

सियोनअंकलना फार वाईट वाटलं. टेकडीबद्दल वाटलं, सुटाबद्दल त्याहून जास्त. आणि रडणाऱ्या साहेबासाठी लग्नाची अंगठी घासत बसलेल्या आजोबांबद्दल इतकी माया दाटून आली की चष्मा पुसावा लागला. पुसता पुसता त्यांना काहीतरी आठवलं.

“मझल,” त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, “लास्ट इयर आपण मलिदा केला होता का?”

“कसा करणार? माझं नी रिप्लेसमेंट नव्हतं का?”

कंपनीचं पहिलं पत्र आलं होतं ते मलिदा चुकला त्याच्या पुढच्याच महिन्यात.

“तुझा रिपोर्ट वाचून ते थांबतील ना?” त्यांनी वरदाला विचारलं.

वरदाने खात्री देता येत नाही असं सांगितलं. ‘काही नाही’ हे दोन शब्द खाणकंपन्यांना सहसा ऐकू जात नाहीत, हा तिचा अनुभव होता.

सियोनअंकल उठले. सूट दारामागून काढून त्यांनी कपाटात आत, जुन्या कोटांच्या मागे टांगला.

“मझल, संडेला मलिदा करू,” ते म्हणाले. “पोहे डबल भिजव. दोन वर्षांचा करायचाय.”