मांडवीच्या उन्हात छापलेलं गाव

मे सरत आला होता आणि मांडवीच्या समुद्रावर सकाळपासून ढग जमत होते. मैनाच्या अंगणात मात्र बसायला कोणाला फुरसत नव्हती. उद्याची आगबोट पावसाआधीची शेवटची. त्या बोटीने पाहुणी शूशान मुंबईला परत जाणार होती आणि त्याआधी फोटोंच्या डझनभर काचांवरचं एक गाव कागदावर उतरवायचं होतं.

ते गाव तुर्कांच्या मुलखातलं, डोंगरातलं. पहिल्या महायुद्धात तिथल्या आर्मेनियन लोकांना मारलं, हाकललं, घरं जाळली. गावच्या फोटोग्राफरने काचा तेवढ्या वाचवल्या आणि बसऱ्याजवळच्या छावणीत शेवटच्या दुखण्यात मैनाच्या नवऱ्याकडे, सदू खलाशाकडे, मुंबईच्या आर्मेनियन लोकांना द्यायला त्यांची पेटी सोपवली. मुंबईत ती घ्यायला कोणी भेटलं नाही, म्हणून ती रत्नागिरीत, मांडवीच्या ह्या घरी आली. सदू दर फेरीला मुंबईतल्या आर्मेनियन ख्रिस्ती देवळात निरोप ठेवत राहिला. अखेर १९३२ साली तो निरोप अनाथाश्रमात वाढलेल्या शूशानला पोचला. ती त्या फोटोग्राफरची मुलगी.

सदू बोटीवर होता. पेटी मैनानेच चुलीवरच्या माळ्यावरून काढून दिली. बियाण्याच्या भाताशेजारी, धुरात राहिल्यामुळे ओल लागली नव्हती, पण काचांवरचा थर कडेने सुटू लागला होता.

"बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात धक्का बसला तर गाव पुन्हा जाईल," शूशान मोडक्या मराठीत म्हणाली. "आधी कागदावर घेऊ."

तिने लाकडी चौकटी आणल्या होत्या. चौकटीत काच, काचेखाली फोटोचा कागद. उन्हात ठेवलं की कागद काळवंडत जातो आणि चित्र उमटतं.

"म्हणजे पापडच की गो!" शेजारची यमुनाबाई म्हणाली. "मग हितं कशाला ठेवतंस? आता ऊन विहिरीकडं हाय. मागनं गोठ्याकडं जाईल."

आणि धावपळ सुरू झाली. ढगाची सावली आली की बायका चौकटी उचलून उन्हामागे पळत. माडांच्या सावल्या कुठे पडतात, ऊन कुठे टिकतं, हे आमसुलं वाळवणाऱ्या बायकांना सांगावं लागत नव्हतं.

उजेडाने कागद सगळाच काळा पडू नये म्हणून पहिली चौकट काळोख्या माजघरात उघडली आणि मैना ओरडली, "अगो, ह्या तर पोरी!"

इतकी वर्षं काचा उजेडात धरून तिने पाहिल्या होत्या. काळी तोंडं, पांढरे केस. सगळं गाव म्हाताऱ्यांचं, असंच ती धरून चालली होती. कागदावर सगळं उलटं झालं होतं. केस काळेभोर, गाल उजळ. एक पोरगी हसू दाबत होती.

पुढच्या कागदावर बायका घराच्या सपाट धाब्यावर कापडं पसरून त्यांवर कसला तरी रस सारवत होत्या.

"आंबापोळी!" यमुनाबाई किंचाळली.

"आंबा नाही, जर्दाळू," शूशान हसत म्हणाली आणि लगेच डोळे पुसू लागली.

शाळा उमटली, देऊळ उमटलं, घोड्यावरचा नवरदेव उमटला. शेवटची काच राहिली तेव्हा अंगणात ऊन उरलं नव्हतं. शूशान चौकट छातीशी धरून उभी राहिली.

"ही घरातली आहे," ती म्हणाली. "आई असेल. मला तिचा चेहरा आठवत नाही."

मैनाने वर पाहिलं. पावसाआधी कौलं परतायला बोलावलेला शिवा छपरावर होता आणि त्याच्या पाठीवर अजून ऊन होतं.

"शिवा, सरक तिकडं!" तिने कासोटा खोचला, चौकट घेतली आणि शिडी चढली.

"वैनी, कौलं फुटतील हां!"

"फुटली तर तूच बसव. त्याचेच पैशे घेतोस ना?"

आढ्याला टेकून तिने चौकट उन्हाकडे धरली. समोरून ढग येत होता. खाली यमुनाबाई ढगाला शिव्या घालत होती. मैनाचे हात भरून आले, पण तिने चौकट हलू दिली नाही. ढगाने ऊन गिळलं तशी तिने पदर डोक्यावरून ओढला आणि आतल्या काळोखात चौकटीची मागची अर्धी फळी उचलून पाहिलं.

फिकी होती, पण उमटली होती. चोवीस-पंचवीसची बाई, शूशानसारख्याच जाड, जुळलेल्या भुवया.

"आली गो, आली!" मैना पदराआडूनच ओरडली. "थेट तूच!"

खाली शिडी करकरली.

"ओ बाय, तुमी नको!" शिवा ओरडला. "दोगी चढलात तर वासा मोडंल!"

पण शूशानचे हात आढ्यापर्यंत पोचले होते. मैनाने पदर उचलून तिलाही आत घेतलं.