मावशी खोडायचे डॉलर

मावशीला खोडायचं होतं. काम तेवढंच, पण त्यावर कल्पिताचा शहाडचा सगळा फोटो स्टुडिओ अडून बसला होता.

मावशी म्हणजे नवऱ्या मुलाची, आर्यनची, लक्ष्मीमावशी. शीळफाट्याच्या हॉलमध्ये लग्न झालं तेव्हा दिवा घेऊन नवऱ्यामागे उभं राहायचा मान तिचा होता. त्यामुळे जिथे नवरा तिथे मावशी. मुंडावळ्या बांधताना मावशी, हार घालताना मावशी, नवरी लाजली तर तिच्या लाजण्याच्या मागेसुद्धा मावशीचा दिवा. कल्पिताने हे फोटो काढले तेव्हा सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. बिनसलं ते नंतरच्या मटणाच्या जेवणात. मावशीच्या ताटात नुसता रस्सा आला. ती काही गिळून गप्प बसणाऱ्यातली नव्हे. नव्या व्याह्यांसमोर म्हणाली, "घोडबंदरला टॉवरात राहायला गेल्यापासून आमच्या ताईकडे बोकडपण पातळ झालाय."

ही ताई म्हणजे आर्यनची आई संचिता, मावशीची सख्खी मोठी बहीण. तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच कल्पिताला फोन लावला.

"अल्बम छापायच्या आधी लक्षीला काढून टाक. सगळ्या फोटोंतनं. दिवा तेवढा राहू दे."

"दिवा तिच्याच हातात आहे, वहिनी."

"मग हात राहू दे."

दुसरी कुणी असती तर कल्पिताने हसून फोन ठेवला असता. पण संचितावहिनींचा धाकटा, हर्षित, पुढच्या हंगामात बोहल्यावर चढायचा होता. शहाडला आता पासपोर्टचा फोटोसुद्धा लोक मोबाइलवर काढून घेतात. स्टुडिओ तगून होता तो लग्नांवर. हर्षितचं लग्न मिळालं तर फोटो, नाहीतर त्या जागेत झेरॉक्सचं मशीन, असं तिच्या नवऱ्याने, सुदेशने, बोलून ठेवलं होतं. तो वाईट नव्हता, हिशोबी होता. कल्पिताला मात्र आधार कार्डाच्या प्रती काढत म्हातारं व्हायचं नव्हतं. तिला जिवंत माणसांचे चेहरे लागायचे, मग ते कसेही असोत.

नेहमीच्या सॉफ्टवेअरवर एक मावशी पुसायला अख्खी दुपार गेली असती. शोधता शोधता तिला एक परदेशी सॉफ्टवेअर सापडलं. माणसावर कर्सर फिरवला की माणूस गायब, मागची जागा आपोआप भरलेली. पहिला फोटो फुकट. कल्पिताने फिरवला. छोट्याशा चौकटीत पाहिलं तर मावशी खरंच नव्हती. तिने एकटीनेच टाळी वाजवली आणि दुसरा फोटो उघडला. तिथे पाटी आली: पुढच्या कामासाठी दरमहा वर्गणी भरा, डॉलरमध्ये.

तिने रुपये शोधले, नव्हते. यूपीआय शोधलं, तेही नव्हतं. पाणीपुरीवाल्याला जे चालतं ते अमेरिकेला चालत नव्हतं. राहिलं कार्ड. स्टुडिओचं खातं सासऱ्यांच्या, काळुरामबाबांच्या नावावर. कार्ड त्यांचंच, आणि परदेशी व्यवहार त्यावर बंद. बाबांच्या सहीचा अर्ज घेऊन कल्पिता उन्हातून बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीने ते चालू करून दिलं आणि कौतुकाने विचारलं, "फॉरेनला चाललात का, काकू?"

"मी नाही गं. एका मावशीला घालवायचंय."

परत येऊन तिने कार्डाचा नंबर टाकला आणि श्वास रोखून बसली. दाराजवळच्या खुर्चीत काळुरामबाबांच्या बंडीच्या खिशात फोन टिंग वाजला.

"बाबा, ओटीपी आला बघा. वाचा जरा."

बाबांनी फोन काढला, चष्मा वर केला, आकडे मनात वाचले आणि फोन परत खिशात घातला.

"नाय सांगायचा."

"म्हणजे?"

"ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर पोलीस आलेला. आमच्याकडनं हात वर करून शपथ घेतलीन. ओटीपी कोणाला म्हणून सांगायचा नाय. घरच्यांना तर मुळीच नाय, बोलला. घरचेच लुटतात."

"मी लुटतेय का तुम्हाला?"

"मी कुठं तसं बोललो? पण तूच सांग, मी आज तुला सांगितला, उद्या दुसरी कोण सून बनून आली तर?"

"दुसरी सून आहे कुठे तुम्हाला?"

"तेच ना. म्हणजे लगेच फसेन मी."

एवढ्यात ओटीपीची वेळ संपली, व्यवहार रद्द झाला. कल्पिताने दुसऱ्यांदा केलं. या वेळी बाबांनी विचारलं, पैसे नक्की जातायत कुठे.

"अमेरिकेला."

"कशाला?"

"लक्ष्मीमावशीला खोडायला."

बाबा खुर्चीत सरसावून बसले. "लग्न आपलं, बाई आपल्या गावची, भांडण मटणाच्या रश्श्याचं, आणि खोडायचा पैसा अमेरिकेला? ती त्यांच्या पंगतीला जेवायला बसली होती काय गो?"

"बाबा, आकडे सांगा."

"शपथ आहे."

तिसऱ्या वेळी तिने फोनच हातात मागितला, तर बाबा तो खिशासकट घेऊन रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. व्यवहार फसला आणि बँकेचा निरोप आला: सुरक्षेच्या कारणास्तव कार्ड आजपुरतं बंद. कल्पिताने डोकं टेबलावर टेकवलं. तेवढ्यात संचितावहिनींचा फोन. त्या घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या, पण निघाल्या होत्या. झालेलं काम डोळ्यांनी बघायला.

झालेलं काम म्हणजे फुकटचा एक फोटो.

वहिनी आल्या त्या घामाघूम होऊन, सोन्यासकट. त्यांच्या मागोमाग बाबा तीन चहा घेऊन आले. पाहुण्यांच्या बाबतीत त्यांनी कुठलीही शपथ घेतलेली नव्हती. कल्पिताने उसन्या उत्साहाने तो फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला.

"हा नमुना. बघा, मावशी कुठेतरी दिसतेय का?"

मावशी दिसत नव्हती. मावशीच्या जागी दुसरीच एक बाई उभी होती. गोरी, तिशीतली, केस मोकळे, दात जाहिरातीतल्यासारखे. सॉफ्टवेअरला मागची भिंत काही जमली नव्हती, म्हणून त्याने रिकाम्या जागेत आपल्या मनाने एक माणूस घडवला होता. या बाईचा एक हात कमरेवर होता आणि दुसरा, अगदी सहज, आर्यनच्या वडिलांच्या खांद्यावर. कल्पितालाही हे आत्ताच दिसत होतं.

"ही कोण?" वहिनींनी विचारलं.

"कुणी नाही."

"कुणी नाही कशी? ह्यांच्या खांद्यावर हात आहे तिचा!"

"वहिनी, ही बाई जगातच नाहीये. मशीनने बनवलीय."

"आणि हे हसतायत बघ कसे! लग्नात एकदा तरी माझ्याकडे बघून असे हसले?"

"ते आधीपासनंच हसत होते. मावशी काहीतरी बोलली होती."

"लक्षी बोलली म्हणून हसत होते ना? मग लक्षीच बरी!" वहिनी खुर्चीत धपकन बसल्या. "या भवानीपेक्षा आमची लक्षी परवडली. हिला आधी काढ. कोण, कुठली, माझ्या घरात घुसलीय."

कल्पिताने तो फोटो लगेच पुसला. सुटका झाली असं वाटेपर्यंत वहिनी चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "लक्षी राहू दे. पण तिचे डोळे मिटलेले असतील तेच फोटो घे. अल्बम बघून जरा तरी जळू दे."

हे मात्र जमण्यासारखं होतं. फोटो शेकड्यांनी होते आणि मावशीला फ्लॅश सोसत नसे. कल्पिता एकेक पुढे सरकवू लागली. "हा घ्या, हार घालतानाचा. मिटलेत."

"माझेपण मिटलेत गं."

"बरं, हा. अक्षता टाकताना."

त्यातही दोघींचे मिटलेले. पुढच्यात मावशी टक्क उघड्या डोळ्यांनी दिवा सावरत होती, आणि पलीकडच्या टोकाला वहिनी तशाच टक्क. त्यापुढच्यात दोघी आंधळ्या. मध्ये नवरा, नवरी, भटजी, पन्नास माणसं, त्यांचे डोळे हवे तसे उघडे-मिटलेले. पण स्टेजच्या या टोकाची बहीण आणि त्या टोकाची बहीण एकाच क्षणी पापणी पाडत होत्या. कल्पिताने पुढे जायचं थांबवून पुन्हा मागे जाऊन पाहिलं. तसंच.

"एका आईच्या, दुसरं काय," बाबा बशीतला चहा फुंकत म्हणाले.

वहिनी स्क्रीनजवळ सरकल्या. मग पदराने कपाळ पुसलं.

"म्हणजे तिचे उघडे असतील तेव्हाच माझे उघडे?"

"असंच दिसतंय, वहिनी."

"लहानपणी एका गोधडीत झोपायचो. तेव्हापण माझी झोप मोडायची ही." त्यांनी कप ठेवला. "उघडे असलेलेच घे. माझ्यासाठी सांगतेय हां, तिच्यासाठी नाही. तिला काही बोलू नकोस."

"नाही बोलत."

दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या. "आणि हर्षितच्या लग्नात फ्लॅश जरा हळू मार. लक्षीला त्रास होतो."

फ्लॅश हळू मारायचा म्हणजे कसा, हे न विचारता कल्पिताने हर्षितचं लग्न वहीत लिहून टाकलं.