तुटलेला धवला

हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे सरू आखायची. पितांबर कुणीही रंगवावं, सोंड कुणीही घासावी. डोळा मात्र सरूचाच. श्वास रोखून ती ब्रश टेकवायची आणि माती बघू लागायची.

तिच्या फळीवर रंगाच्या डब्यांत एक डबा गोळ्यांचा होता. पाच वर्षांत एकही गोळी चुकली नव्हती. त्या कसल्या, हे पेणच्या सरकारी दवाखान्याला माहीत होतं आणि आईला. धाकट्या नंदालाही नाही. कळलं तर देवाला हात लावू देतील का, हीच भीती.

नवरा काळुराम ट्रेलरवर ड्रायव्हर होता. सरूचं लग्न ठरलं तेव्हा ती अठराची, सातवीनंतर शाळा सुटलेली. हुंडा न मागता स्थळ आलं. पोराची तब्येत विचारायलाही ऐपत लागते. ती आईकडे नव्हती. काळुरामनंही दुखणं लपवलं. कळलं तर गाडी हातची जाईल म्हणून दवाखान्याची पायरी चढला नाही, आणि गेला. सरू राहिली.

आता नंदाला स्थळ आलं रोह्याचं. दत्ता, कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. कंपनीजवळ एका खोलीत आठ पोरं, शिफ्टप्रमाणे झोपणारी, घरापासून तुटलेली.

लग्न पक्कं करायच्या सुपारीच्या दिवशी अंगण भरलं. बायजाबाई धवलारीण, लग्नाची गाणी म्हणजे धवले गाणारी, पाटावर बसली. गावातलं प्रत्येक लग्न तिच्या गळ्यातून जायचं. ती गात असताना मध्ये कुणी बोलत नसे. आणि धवला तुटलाच, तर त्या दिवशी पुन्हा धरत नसत.

कुंडलिकेच्या काठचा नवरा आला गो दारी,
भोगावतीच्या पान्यानं धुवा त्याची पायरी…

"आये, थांब गो," सरू बायजाबाईला म्हणाली.

धवला तुटला. दत्ताचा मामा उसळला, "विधवा बाईनं अशा येळी पुढं यायचं नसतं, ठावं नाय?"

"व्हय, विधवा हाय. कशानं झाले ते सांगते." आणि तिनं सांगितलं. एचआयव्ही हा शब्दसुद्धा आडून नाही, सरळ. "माझं ठरलं तवा याच अंगनात पोह्यांत मीठ किती ते समद्यांनी इचारलं. रक्ताचं कुनी नाय इचारलं. दत्ता वाईट हाय असं नाय म्हनत मी. दोघांनी तपासा. फुकट हाय. नंदानं पन."

आईनं पदर तोंडाला लावला. नंदा बहिणीकडे बघतच राहिली.

"आमच्या पोरावर संशय?" मामा उठला.

बायजाबाईनं मुठीतले तांदूळ सुपात परत सोडले. "तुटलेला धवला आज नाय धरनार मी. कागद आना, मंग गाईन." मग हळूच म्हणाली, "तुझ्या लग्नातबी मीच गायले गो सरू. तवा मला कुनी थांबवाया पायजे होतं."

"मामा, बस खाली," दत्ता म्हणाला. मान खालीच होती. "खोलीतल्या पोरांसंगं एकदा वाईट वस्तीत गेलोय मी. तवाधरनं भ्या वाटतंय. इचारू कुनाला?"

नंदा म्हणाली, "माझ्यासंग चल. पन सुई बघून पळालास तर लगीन मोडलं."

दुसऱ्या दिवशी सरू कारखान्यात गेली ती काम गेलंच असं धरून, फळीवरचा गोळ्यांचा डबा परत आणायला. बातमी तिच्या आधी पोचलेली. मालक गुणाजीशेट दारातच उभे.

"कळलं मला. डाक्टरला फोन केला. एका बशीतलं खाल्लं, हाताला हात लागला, तरी काय होत नाय म्हनतो." ते जरा अडखळले, मग नेहमीसारखे खेकसले, "चाळीस मूर्त्या आंधळ्या बसल्यात सकाळपासनं. उशीर किती करायचा गो?"

सरू बसली. डबा फळीवरच राहू दिला. ब्रश उचलला.

नंदा-दत्ताचं रक्त तपासलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा कागद बरे निघाले. वैशाखात बायजाबाईनं धवला मुळापासून धरला, सरूला शेजारी पाटावर बसवून, आणि त्यात आपल्या दोन ओळी घातल्या:

थोरली गो बहीन, तिनं देवाचं डोलं आखिलं,
धाकटीच्या वाटंवरचं काटं तिला दिसलं.

मांडवात दत्ताच्या खोलीतली सात पोरं जेवायला बसली होती. त्यांतली चार तपासून आली होती. उरलेल्या तिघांना बासुंदी वाढता वाढता नंदा विचारत होती, "काय रे, सुईला भेता?"