डब्याजवळचं स्टूल

शौकीच्या दंडावर निळा डाग दिसला, तेव्हा मी विचारलं, "कुठे आपटलास रे?"

"कुठे नाही, आबला. लग्न ठरलेल्याला डास जास्त चावतात."

ताईला आबला म्हणणारा माझा धाकटा भाऊ हसला आणि त्याच्या हिरड्यांना रक्त दिसलं. डास हिरड्यांना चावत नाहीत. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रोज रक्ताच्या काचा बघते. त्या दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

आमचा बुटांचा कारखाना बाब अल-शारियाच्या गल्लीत, राहत्या घराच्या खालीच; लग्नानंतर मीही वरच राहते. सहा माणसं आणि एक खिडकी, तीही खिळे ठोकून बंद. कैरोची धूळ चिकटवायच्या ओल्या सोल्यूशनवर बसली की सोल धरत नाही, हे बाबांचं म्हणणं. सोल्यूशनच्या वासावर त्यांचा उपाय म्हणजे दूध. दुपारच्या नमाजानंतर प्रत्येकाला पेलाभर. "दूध सगळं विष धुऊन काढतं," कारखान्याचे उस्ताद, उस्ता झैनहुम, म्हणजे माझे बाबा सांगायचे आणि माणसं घटाघटा प्यायची. अहो, दूध पोटात जातं आणि वास जातो छातीत! पण हे सांगून सांगून माझाच घसा बसला. गल्लीतल्या सगळ्याच कारखान्यांत दूध चालायचं, मग मी एकटी शहाणी कशी?

त्यात सोल्यूशनच्या डब्याजवळचं स्टूल मानाचं. सोल चिकटवणारा तो खरा कारागीर. त्यावर आधी रगब नावाचा कारागीर बसायचा. तीन वर्षांपूर्वी रक्ताच्या कर्करोगाने गेला. नजर लागली, असं गल्लीने ठरवून टाकलं. मग बाबांनी सगळ्यांना सरबत पाजून शौकीला त्या स्टुलावर बसवलं. लेकाचं कौतुक, दुसरं काय.

मी शौकीचं रक्त घेतलं. पेशी वाढवून गुणसूत्रं बघायची तर तीन दिवस लागतात. ते तीन दिवस मी घरात मीठ दोनदा घातलं, नवऱ्यावर विनाकारण खेकसले, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की दचकले.

काच माझ्या आधी आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर इन्शिराहबाईंनी बघितली. "कर्करोग नाही. अजून नाही," त्या म्हणाल्या. "पेशी कमी झाल्यात, गुणसूत्रं तुटलीत. हे सोल्यूशनमधल्या बेंझिनचंच काम. आजच ती जागा सोडली, तर हाडांतली मज्जा सावरेलसं वाटतं. बसून राहिला, तर मी कसलीच हमी देणार नाही."

मी तशीच जाऊन शौकीला गाठलं.

"सोड ते काम. आत्ताच्या आत्ता."

"ईद तोंडावर आलीय, आबला."

"खड्ड्यात गेली ईद!"

त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मी उठलो तर त्या स्टुलावर बाबा बसतील. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा भरवसा नाही. अडुसष्ट वर्षांचे आहेत ते. तू मला काय सांगतेस?"

मला रडू आलं आणि त्याला थोबाडावंसंही वाटलं.

मग मी बाबांसमोर गुणसूत्रांचा फोटो ठेवला. "चाळीस वर्षं हाच वास घेतोय मी, उंटासारखा ठणठणीत आहे," त्यांनी सुरुवात केली.

"ते तुमचं नशीब, बाबा. आता बघा. तुम्ही कातडं कशावरून कापता?"

"पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून. हे काय विचारणं झालं?"

"शरीर नवं रक्त बनवतं ते अशाच नमुन्यावरून. हे तुकडे दिसतात ना, तो शौकीचा नमुना. डब्यातल्या वासाने कातरलाय. कातरलेल्या नमुन्यावरून पुढचं सगळं चुकीचंच निघणार. आणि त्यातली एखादी पेशी थांबायचंच विसरली, की तिच्यासारख्या निघतच राहणार."

बाबा फोटोवर वाकले. एका खराब नमुन्यापायी सगळाच माल फेकावा लागतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. एकेका तुकड्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"रगबचंही असंच होतं?"

"रगबचं कुणी बघितलंच नाही."

"शौकीला सांगितलंस?"

"तुमच्यासाठी बसून राहणार म्हणतो."

 त्या दुपारी त्यांचा दुधाचा पेला तसाच राहिला.

सकाळी खालून आरडाओरडा ऐकून मी धावले. बाबांच्या हातात शौकीने आदल्या दिवशी चिकटवलेला बूट होता.

"याला काम म्हणतात? बोटांत जीव नाही तुझ्या! माझं नाव बुडवायला बसलास इथे?" त्यांनी कातडं कापायची रापी लावली, दात-ओठ खाऊन ओढली आणि तळ टर्रकन वेगळा झाला. "बघा रे! सोलसुद्धा धरत नाही! चालता हो. मामाच्या दुकानात वांगी विक जा. पुन्हा माझ्या उंबऱ्यात दिसलास तर तंगडी तोडीन!"

सगळ्या माणसांनी माना खाली घातल्या. शौकी पांढराफटक पडला. त्याने एप्रन सोडून स्टुलावर टाकला आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडला.

बाबांनी पक्कड घेतली आणि खिडकीचे खिळे उपसायला लागले.

मी तो बूट उचलला. सोल चिकटवल्या जागी सुटला नव्हताच. जोड जिथल्या तिथे घट्ट होता, वरचं चामडंच सोलला चिकटून फाटून आलं होतं.

"बघितलंस ना, किती कच्चं काम?" बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं, "फारच कच्चं."