ऋगूची अकरावी संकष्टी

"चंद्र खिडकीतून शोधायचा नसतो, सुले. चपला घालायच्या आणि जिथून दिसतो तिथे जायचं."

सुलेखाची आई असं म्हणायची. अकोल्याच्या सरकारी क्वार्टर्ससमोर पाण्याची टाकी होती, तिच्याआड चंद्र अडकायचा. मग आई एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात सुलेखाचं बोट धरून मैदानापर्यंत चालत जायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली, सुलेखाला ऑकलंडला येऊन सव्वीस. पण संकष्टी काही चुकली नाही. दिवसभर फार्मसीत उभं राहायचं असो की अंगात ताप असो, नेम तो नेम.

मे महिन्यातली संकष्टी काल शुक्रवारी झाली होती. रात्री आठला अंगणात चंद्र दिसला, अर्घ्य दिलं, आरती झाली, उपास सुटला. शनिवारी सकाळी ती उरलेले मोदक वाफवायला ठेवत होती, तेवढ्यात फोनवर ऋगू दिसली. ऋगू म्हणजे ऋग्वेदा, तिची एकुलती एक लेक. नॉर्वेच्या पार उत्तरेला एका बेटावर. तिकडे अजून शुक्रवारच होता, रात्रीचे पावणेबारा, तरी तिच्या मागच्या खिडकीत संध्याकाळसारखा उजेड.

"आई, पॅनिक होऊ नको. मी अजून जेवले नाहीये."

"अगं, का?"

"चंद्र येतच नाहीये. आय वेटेड. मग फोनवर बघितलं, तर इथे तो आज उगवणारच नाही. उद्या पण नाही. या दिवसांत तो इथे क्षितिजाच्या वर येतच नाही म्हणे." ती थोडी हसली, पण ओठ सुकलेले दिसत होते. "ढग असते तर टाइम बघून खाल्लं असतं, तू शिकवलंयस तसं. इथे टाइमच नाहीये."

पोरगी वर्किंग हॉलिडे व्हिसावर, देशोदेशी कामं करत हिंडायला, निघाली तेव्हा, गेल्या जुलैत, विमानतळावर सुलेखाच्या डोळ्याला धार लागली होती. तेव्हा ऋगूनेच म्हटलं होतं, "तू संकष्टी करशील त्या दिवशी मीपण करीन. परत येईपर्यंत. प्रॉमिस." सुलेखानं हो म्हटलं, आणि मनात म्हटलं, दोन महिने टिकलं तरी खूप. घरात मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी, टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून अर्धा दिवस समुद्रात असणारी ही मुलगी.

तरी सुलेखानं तिला गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा काढून दिल्या होत्या. एडिनबरोला पबच्या मागच्या बाजूला भांडी विसळताना, पोर्तुगालमध्ये ऑलिव्ह तोडताना, ऋगू न विसरता एक फोटो पाठवायची: चंद्र आणि खाली ताटली. कधी ताटलीत केळं, कधी उकडलेला बटाटा. दहा फोटो झाले होते. नॉर्वेचं हॉटेलातलं काम मात्र अचानक गेल्याच आठवड्यात मिळालं, आणि सुलेखाच्या कागदावर ते बेट नव्हतं.

सुलेखाचा नवरा मोहन पेपर बाजूला ठेवून स्वयंपाकघरात आला. "अगं, सांग ना तिला खा म्हणून. गणपती काय तिकडे हजेरी घ्यायला बसलाय?"

"बाबा, आईला ठरवू दे," फोनमधून आवाज आला. "आई, तू खा म्हणालीस तर मी खाईन. बट तुला खरंच चालत असेल तरच. मला उगाच सूट नकोय."

खा, हा शब्द सुलेखाच्या ओठांवर आला होता. पोर सकाळपासून उपाशी, तेवीस खोल्या झाडून, चादरी बदलून आलेली. पण तो शब्द उच्चारला तर दहा महिने त्या मुलीनं एकटीनं जे धरून ठेवलं, ते आईनंच हातातून काढून घेतल्यासारखं होईल. कुणी बघायला नव्हतं. खाऊन फोन केला असता तरी कळलं नसतं.

आणि मग पाण्याच्या टाकीआडचा चंद्र तिला आठवला. तिनं फ्रिजवरचा स्वतःच्या अक्षरातला कागद पाहिला. ऑकलंड, शनिवार, चंद्रास्त: सकाळी अकरा पस्तीस. घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती.

"ऋगू, तुझ्या चतुर्थीचा चंद्र अजून मावळला नाहीये. आमच्याकडे आहे. वाटीत पाणी घेऊन बस. अर्ध्या तासात मी तुला तो दाखवते."

"व्हिडिओवर चालतं?"

"मी बघेन, तू माझ्या डोळ्यांनी बघ. तेवढं चालतं."

अंगणातून नैर्ऋत्येला शेजारची नवी दुमजली घरं आड येत होती. सुलेखानं तांब्या भरला, फुलपात्रात चार दूर्वा टाकल्या, शाल घेतली आणि जँडल्स, इकडच्या रबरी चपला, पायात सरकवल्या. मोहन गाडीची किल्ली शोधू लागला.

"राहू द्या. चालत जाते. तुम्ही मोदक बघा."

फाटकाशीच शेजारच्या विभावरीताई भेटल्या, डेअरीतून दूध घेऊन येत होत्या. नजर तांब्यावर गेली. "काय गं, कालची संकष्टी आज? आणि लेक काय म्हणते? वर्किंग की हॉलिडे, ठरलं का तिचं एकदाचं?"

आजवर सुलेखा यावर "हॉस्पिटॅलिटीत आहे" एवढंच पुटपुटायची, जेणेकरून समोरच्याला एखादं टेबल-खुर्चीचं काम वाटावं. फार्मसीची डिग्री घेतलेली मुलगी काय करते, हे सांगायला जीभ वळत नसे.

"ती तिकडे खोल्या झाडते, ताई," ती हळूच म्हणाली. "भांडीसुद्धा घासलीत. आपलं भाडं आपण भरते. आणि आज चंद्र उगवत नाही अशा गावात मला दिलेला शब्द धरून उपाशी बसलीय." तिनं तांब्या सावरला. "अशी आहे आमची ऋगू."

विभावरीताई बाजूला सरकल्या. "जा तू. वरच्या वळणावरून खाडी मोकळी दिसते."

"हो, तिथेच निघालेय."

फोन शालीच्या आत छातीशी धरलेला होता. त्यातून ऋगूनं वाटी टेबलावर ठेवल्याचा बारीक आवाज आला. सुलेखानं तांब्यावर तळहात झाकला, पाणी सांडू नये म्हणून, आणि चढ चढायला लागली.